मराठवाड्यातल्या डोंगर-नदीकाठच्या मुरमाच्या वाटा : सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारी नसलेली वाट म्हणजे इथे नेमकं काय?

फक्त सायकलींसाठी राखलेला, पाट्या लावलेला रस्ता शोधत असाल तर निराशा होईल. इथे मिळतात त्या मुळात दुसऱ्याच कामासाठी केलेल्या वाटा. गावोगावचे शिवरस्ते (गावांच्या हद्दीवरचे) आणि पाणंद (शेतांमधून जाणारी वाट), कॅनॉलच्या बाजूचा तपासणीचा रस्ता, माळावरच्या पवनचक्क्यांपर्यंत गेलेले मुरमाचे रुंद रस्ते आणि वनविभागाच्या गाडीवाटा, एवढे चार प्रकार. दिवसभरात दोन-तीन ट्रॅक्टर, एखादी मोटारसायकल आणि शेळ्यांचा कळप भेटेल. पूर्ण निर्मनुष्य वाट कुणी सांगितली, तर ती पुढे नांगरून टाकलेली असण्याची शक्यता जास्त.

सुरुवात कोणत्या भागातून करावी?

बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या आसपासचं बालाघाटचं पठार. कारण पाण्यात आहे. मांजरा आणि सिंदफणा याच तालुक्यात उगम पावतात आणि दोघींचं पाणी शेवटी गोदावरीला मिळतं. सौताड्याला कड्यावरून उडी घेणारी विंचरणा मात्र जामखेडकडे वळते, सीनेला मिळते आणि पुढे भीमेतून कृष्णेत जाते. म्हणजे दोन खोऱ्यांची वाटणी करणारी धार याच पठारावरून जाते. पाणी जिथून दोन्हीकडे वेगळं होतं त्या धारेवरून सायकल नेली, तर मध्ये ओढा नाही, नाला नाही, आणि पायाखाली बहुतेक मुरूम. धार सोडून खाली उतरलात की दर दीड-दोन किलोमीटरला एक लवण म्हणजे खोलगट जागा, त्यातली काळी माती आणि पुन्हा चढ. मराठवाड्यात कुठेही वाट आखताना हाच नियम धरा: डोंगर किती उंच हे नंतर बघा, आधी पाणी कुठे वाहतं ते बघा.

दुसरा भाग कन्नड-सिल्लोडकडचा. अजिंठ्याच्या रांगेची उत्तर बाजू खानदेशात कड्यासारखी कोसळते, दक्षिण बाजू शिवना, गिरिजा, पूर्णा या नद्यांबरोबर हळूहळू उतरते. त्यामुळे दक्षिणेकडून चढायचं आणि दक्षिणेलाच उतरायचं. उत्तरेच्या जुन्या पाऊलवाटांवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

जिंतूर तालुक्यातलं येलदरी आणि खालचं सिद्धेश्वर ही पूर्णेवरची दोन धरणं, त्यांच्यामधला टेकाडांचा टापू नवख्यांना बरा. किनवट-माहूरकडे पैनगंगेच्या काठाने सागाचं जंगल आहे आणि रहदारी सगळ्यात कमी, पण गावं लांब लांब आहेत आणि मोबाइलची रेंज जाते. पहिल्याच फेरीला तिकडे जाऊ नका. लातूर जिल्ह्यातला मांजराकाठ दिसायला देखणा आहे, मात्र जमीन भारी काळी. डिसेंबर ते मेपर्यंतच त्याचा विचार करावा.

नकाशावर अशा वाटा शोधायच्या कशा?

उपग्रहाचं चित्र उघडा आणि रंग बघा. गडद, चौकोनी तुकडे म्हणजे काळी रानं. फिकट तपकिरी, विरळ झुडपांचं म्हणजे माळ किंवा बरड. वाट शक्यतो फिकट पट्ट्यातून काढा. चित्र एप्रिल-मेमधलं असेल तर सगळंच फिकट दिसतं, म्हणून दोन वेगळ्या महिन्यांची चित्रं ताडून बघावीत.

मग महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर त्या गावाचा नकाशा काढा. त्यात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेघ म्हणजे पाऊलवाट. गाडीवाट नकाशात असली तरी जमिनीवर असेलच असं नाही. दोन्ही बाजूंनी दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकवत तेरा फुटांची पाणंद चार फुटांवर आलेली सगळीकडे दिसते. २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेत बऱ्याच ठिकाणी खडी-मुरूम पडला आहे. अशी ताजी पाणंद उपग्रहचित्रात सरळ, उजळ रेघेसारखी उठून दिसते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांत समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. वाट एक किलोमीटरमध्ये अशा पाच रेषा ओलांडत असेल तर चढ १० टक्के. मुरमावर तो चढवता येतो. सात-आठ रेषा असतील तर उतरून ढकलायची तयारी ठेवा.

शेवटी वाट फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या आणि जिथे जिथे निळी रेघ आडवी येते तिथे खूण करा. त्या दिवशी अडलात तर बहुधा त्याच खुणांपैकी एकीवर अडाल.

पाऊस पडून गेल्यावर किती दिवसांनी निघावं?

मुरमाच्या माळावर ऊन पडलं तर तीन-चार तासांनी. काळ्या रानातून जायचं असेल तर चार-पाच दिवस, सततची झड असेल तर आठवडा. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि टायरवर थरावर थर चढत जातो. शंभर मीटरमध्ये चाक फ्रेमला घासून थांबतं. वाटेचा नव्वद टक्के भाग मुरमाचा आहे या भरवशावर निघू नका. उरलेले दहा टक्के सलग तीन किलोमीटर असतील तर दुपार तिथेच जाते.

खातरजमा सोपी आहे. मूठभर माती घेऊन तळव्यात वळा. वळी होऊन ती चिकटून राहिली तर परत फिरा, भुगा झाला तर जा.

चिखलात चाक अडकलं. जोर लावून पुढे जावं का?

नाही. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, याच क्षणी तुटतो. चिखलाने जड झालेली चेन डिरेलरच्या पुलीतून सुटत नाही, पेडलला जोर दिला की ती डिरेलरला वर आणि मागे ओढते, तो स्पोकमध्ये जातो आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. बरेचदा दोन-तीन स्पोकही जातात.

खाली उतरा. चेन साधारण मधल्या गिअरवर ठेवा आणि सायकल उचलून बांधावरच्या गवतात आणा. गवतावरून ढकलली की निम्मा चिखल आपोआप सुटतो. उरलेला काडीने काढा: आधी ब्रेकच्या आणि फोर्कच्या बेचक्यातला, मग पुलीतला. अर्धी बाटली पाणी फक्त पुली आणि चेनवर टाका, चाकावर वाया घालवू नका. मागचं चाक हाताने उलट-सुलट मोकळं फिरल्याशिवाय बसायचं नाही.

हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि तालुक्याच्या गावात मिळत नाही. एक सुटा हँगर हँडलच्या पिशवीत कायम असू द्या. मोडलाच आणि सुटा नसेल, तर डिरेलर काढून चेन तोडा, पुढची मधली आणि मागची मधली चकती अशी सरळ जोडा आणि एकाच गिअरवर रस्त्यापर्यंत या. पुढे-मागे शॉक असलेल्या सायकलवर ही युक्ती टिकत नाही, चेन ढिली होऊन उतरते.

ग्रॅव्हल सायकलच (वाकड्या हँडलची, कच्च्या रस्त्यासाठीची) लागते का?

नाही. पुढे शॉक असलेली साधी एमटीबी (माउंटन बाइक) बालाघाटच्या उतारांवर उलट जास्त सुखाची. जुन्या गाडीवाटांच्या घाटात मुठीएवढे सुटे दगडगोटे असतात, तिथे वाकडं हँडल आणि बारीक टायर हाताला झिणझिण्या आणतात. ग्रॅव्हल सायकलचा फायदा कॅनॉलवर आणि पवनचक्कीच्या रस्त्यावर.

गिअरचं गणित मात्र बघा. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी यांचं प्रमाण एकास एक असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी वेग ताशी साडेसात-आठ किलोमीटर येतो. सुट्या मुरमाच्या दहा टक्के चढावर एवढा वेग टिकवताना साधारण माणसाची दमछाक होते. पुढे ३० आणि मागे ३४ दात असतील तर चालतं. सामान असेल तर त्याहून हलका गिअर हवा. रोड सायकलचा ३४-२८ इथे गुडघे मागतो.

टायर किती रुंद, हवा किती?

किमान ४० मिमी, जागा असेल तर ४५. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी सहा मिमी तरी फट राहिली पाहिजे. जागा पुरते तेवढा रुंद टायर कोंबला तर पहिल्या चिखलात तोच नडतो.

स्वाराचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ४२ मिमीच्या ट्यूबलेसला पुढे ३०-३२ आणि मागे ३३-३६ पीएसआय. ट्यूब असेल तर सहा-आठ पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि सापाने डसल्यासारखी दोन भोकं पडतात. २.२ इंची एमटीबी टायर ट्यूबलेस असेल तर पुढे २२, मागे २५ पुरे. पेट्रोल पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, छोटा हातपंप आणि स्वतःचा मापक ठेवा. आणि उन्हात हवा भरून ठेवलेली सायकल पहाटे दोन-तीन पीएसआयने कमी दाखवते, तो पंक्चर नसतो.

दर फेरीला चार-चार पंक्चर होतात. काय करावं?

मराठवाड्यात दोन काटे आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा.

पहिला सराटा. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारा पिवळ्या फुलांचा वेल. ऑक्टोबरनंतर वाळतो आणि त्याची काटेरी फळं वाटेच्या कडेला सुटी पडतात. एका वेळी दहा-वीस टोचतात, पण भोक बारीक. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, हे सहज भरून काढतं. थांबून एकेक उपटत बसू नका, चाक फिरत असताना हातमोज्याने हलकेच पुसून टाका आणि पुढे चला. ट्यूबवाल्याने मात्र वाटेच्या मधून चालावं आणि पाय टेकायला कडेला जाऊ नये, कारण सराटे तिथेच.

दुसरा बाभळीचा, आणि नदीनाल्याकाठी माजलेल्या वेड्या बाभळीचा. हा दोन-तीन इंच लांब, टायरची जाड कडही फोडून आत जातो. शेताच्या कुंपणाला लावलेल्या काट्या वाऱ्याने किंवा ट्रॅक्टरला अडकून वाटेवर येतात. आडव्या पडलेल्या काट्यांवरून सायकल चालवायचीच नाही, उचलून न्यायची. काटा घुसलाच तर उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. सीलंट उडत राहिलं तर रबरी प्लग भरा. ट्यूब असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा. बोट फिरवू नका, मोडलेलं टोक बोटात जातं. पाच मिनिटांत दुसरं पंक्चर होतं ते नव्या काट्याने नाही, याच मोडलेल्या टोकाने.

सीलंट ४२ मिमीच्या टायरला ६० ते ८० मिली, २.२ इंचीला १०० ते १२० मिली. पाकिटावर तीन-चार महिने टिकेल असं लिहिलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या सायकलमध्ये ते सहा-आठ आठवड्यांत वाळून त्याची गोळी होते. चाक कानाशी धरून हलवा. पाणी खळखळल्याचा आवाज आला नाही तर भरा.

कॅनॉलच्या कडेचा रस्ता चालतो का?

डोंगरातून थकून आल्यावर सगळ्यात आरामाचा. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर जातो, अंबड-परतूर-पाथरीकडे. उजवा १३२ किलोमीटर, गेवराईकडून माजलगावकडे. चढ-उतार नावालाच, कारण पाणी स्वतःच्या वजनाने वाहायला हवं. नेहमी ज्या काठावर तपासणीचा रस्ता आहे तो धरा. समोरच्या काठावर खोदकामाच्या मातीचे ढीग आणि वेडी बाभूळ असते.

ही जागा जलसंपदा विभागाची आहे. फाटकाला कुलूप असेल किंवा कालवा निरीक्षकाने मना केलं तर वाद घालू नका. चारी-वितरिकेच्या तोंडाशी रस्ता खचलेला असतो आणि आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना पाझरामुळे तिथे चिखल होतो. ऊस तुटायला लागला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काठाने दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. त्यांना मागचं ऐकू येत नाही, कारण गाणी लावलेली असतात. लांबूनच काठाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाण्याकडे नव्हे, उतरून उभं राहा.

पाण्याच्या कडेपासून दीड मीटर अंतर राखा. अस्तर केलेल्या कालव्याच्या तिरक्या बाजू शेवाळलेल्या असतात. पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. कुणी पडलं तर मागे उडी मारू नका. दोरी, ट्यूब किंवा जोडलेले टॉवेल फेका आणि पायऱ्या किंवा पूल येईपर्यंत काठाने सोबत धावा.

नदी कुठून ओलांडायची?

केटीवरून. कोल्हापुरी बंधाऱ्याला गावात केटीच म्हणतात. पावसाळा संपत आला की त्याच्या गाळ्यांत बर्गे म्हणजे फळ्या टाकून पाणी अडवतात, त्यानंतर वरच्या अरुंद फरशीवरून सायकल हातात धरून पलीकडे जाता येतं. चालवत जाऊ नका, कठडे बहुतेक ठिकाणी नसतात. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी परत फिरा. शेवाळ आणि ओढ मिळून माणूस पडतो. गोदावरी, मांजरा, पूर्णा यांच्यावर वरून विसर्ग सोडला की कोरडं पात्र काही तासांत भरतं, आणि तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असू शकतं.

ओढ्यात उतरायचंच असेल तर पाणी चाकाच्या हबच्या खाली असावं. हब आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये गाळाचं पाणी शिरलं की पुढच्या दोन महिन्यांत करकर सुरू होते.

कोणते महिने, कोणती वेळ?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. दिवाळीनंतर बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांतली माणसं ऊसतोडीला जातात. वाटा आणखी शांत होतात, पण दुकानंही बंद मिळतात, म्हणून खाण्याची सोय सोबत ठेवा. जून ते सप्टेंबर फक्त माळ आणि पवनचक्कीचे रस्ते. तेव्हा पठारावर पश्चिमेकडून असा वारा सुटतो की सपाटीलाही चढाचा गिअर लागतो. सकाळी वाऱ्याविरुद्ध जायचं, येताना पाठीवर घ्यायचा. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला निघून साडेनऊला सावलीत.

एका दिवसात किती किलोमीटर धरावे?

डांबरी रस्त्यावर जेवढे करता त्याच्या निम्मे. मुरमावर तासाला सरासरी १२-१४, घाटाच्या गाडीवाटेवर ८. पन्नास किलोमीटर आणि ७०० मीटर चढ म्हणजे चालवण्याचेच चार-साडेचार तास, पंक्चर आणि चहा वेगळा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. चारला तुम्ही डांबरीच्या जवळ असायला हवं.

पाणी आणि खाणं?

थंडीत तासाला पाऊण लिटर, मार्चपासून एक लिटर. दोन बाटल्यांवर भागत नाही, पाठीवर दीड लिटरची पिशवी घ्या. बहुतेक मोठ्या गावांत ग्रामपंचायतीचं शुद्ध पाण्याचं यंत्र असतं, त्यासाठी पाच-दहा रुपयांची नाणी ठेवा. हापशाचं पाणी जड असतं, तरी एखाद्या दिवसाला चालतं. कॅनॉल, केटी आणि शेततळ्याचं पाणी प्यायचं नाही, त्यात फवारणीची औषधं उतरलेली असतात.

धपाटे दोन दिवस टिकतात आणि थंडच खाता येतात, म्हणून एनर्जी बारपेक्षा बरे. खिशात गूळ-शेंगदाणे. घाम खूप गेला तर खारे शेंगदाणे, नुसती साखर-पाण्याची पुडी पुरत नाही. सकाळी एखाद्या फाट्यावर चुरमुऱ्यांची सुशीला मिळाली तर सोडू नका.

कुठे परवानगी लागते?

गौताळा-औट्रम घाट, पाटोद्याकडचं नायगाव मयूर, येडशी-रामलिंग घाट आणि जायकवाडी पक्षी अभयारण्य ही चारही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. आतल्या वाटांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल न्यायची नाही. पवनचक्कीच्या रस्त्यांवर कंपनीचा पहारेकरी असतो, त्याला आधी विचारा. लांब पाती वाहणाऱ्या गाड्यांसाठी हे रस्ते हलक्या चढाचे आणि रुंद वळणांचे केलेले असतात, म्हणून पाच मिनिटांचं बोलणं वसूल होतं. समृद्धी महामार्गावर सायकलला मनाई आहे, खालच्या बोगद्यातून पलीकडे जा. रेल्वेरुळाच्या कडेची पायवाट मोहक दिसते, पण तो गुन्हा आहे.

पाणंद सगळ्यांची. मात्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांनी बांधावरून दिलेली वाट त्या शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी असते. तिथे "काका, इकडून जाऊ का?" असं विचारलं की सहसा हो म्हणतात, वर पुढची वाट मोडली आहे की नाही तेही सांगतात. नकाशापेक्षा ती माहिती ताजी.

जनावरांचं काय?

मेंढपाळांची कुत्री सगळ्यात जास्त त्रास देतात. पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि कळपाला वळसा घालत चाला. धनगर हाक मारेपर्यंत थांबलं तरी चालतं. कड्याखाली, मोठ्या पुलाखाली आग्या मोहोळ असतं, तिथे बोलायचं नाही आणि अत्तर-डिओडरंट लावून जायचं नाही. बालाघाट आणि अजिंठ्याच्या रांगेत बिबट्या आहे. अंधार पडायच्या आत बाहेर पडण्याचं हे आणखी एक कारण. माळावर घोणस आणि फुरसं असतं, म्हणून पंक्चर काढायला दगडांच्या ढिगाशेजारी बसू नका. साप चावला तर बांधू-कापू नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. दरीत रेंज नसेल तर एकाने वर जाऊन फोन करायचा. एकट्याने न जाण्याचं कारण हेच.

घरी आल्यावर सायकल धुवावी का?

बादली आणि फडक्याने. गॅरेजच्या प्रेशर पंपाने धुतलीत तर बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. मुरमाची धूळ बेसाल्टची असते आणि तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी चेन खाते. दर शंभर किलोमीटरला चेन कोरडी पुसून पातळ कोरडं ल्युब किंवा मेण लावा, इंजिन ऑइल नको. अकरा-बारा गिअरची चेन मापकावर अर्धा टक्का लांबली की बदला, नाहीतर मागची कॅसेटही (चकत्यांचा संच) बदलावी लागते आणि ती चेनच्या चार-पाचपट महाग.

एसटीने सायकल नेता येते का?

टपाला कॅरिअर असलेली साधी गाडी असेल तर सामानाचं तिकीट काढून. चालक-वाहकाला आधी विचारा आणि दोरी स्वतःची न्या. डिरेलरची बाजू वर ठेवून बांधा.

ई-सायकल चालेल का?

धारेवर आणि कॅनॉलवर उत्तम चालते. पण वीस-पंचवीस किलोची सायकल केटीच्या पायऱ्यांवरून उचलायला दोघं लागतात, आणि सुट्या मुरमाच्या चढावर बॅटरी कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर संपते. चार्जर सोबत न्यायचा असेल तर भारनियमनाची वेळ त्या गावात आधी विचारून घ्या.